बारा खांदे

१

महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, सकाळी बरोबर अकराला, इमारतीत घंटा वाजायची आणि सातही मजले मागच्या जिन्याने खाली उतरायचे. आगीची तालीम. खालच्या दोन मजल्यांवरचे दुकानदार गिऱ्हाइकांना गोड बोलून बाहेर काढायचे, वरच्या कचेऱ्यांतले लोक चहाचे कप हातात घेऊनच उतरायचे. दहा मिनिटांत सगळं उरकायचं. भर शहराच्या मधोमध उभ्या असलेल्या त्या इमारतीचा हा नेम पुष्कळ वर्षांचा होता, आणि तो का पाळायचा असं कोणी विचारत नसे.

चौथ्या मजल्यावर शिलाईखाना होता. खालच्या दुकानांत विकलेले तयार कपडे इथे वर यायचे. विजार लांब झाली तर आखूड करायची, कंबर सैल असली तर आवळायची, बाह्या उसवून पुन्हा जोडायच्या. बारा माणसं काम करायची आणि त्यांच्यावर मावशी.

मावशी हे काही तिचं नाव नव्हे. दीड वर्षापूर्वी थोरल्या बहिणीने आपली एकुलती एक मुलगी तिच्या हाताखाली कामाला पाठवली. "तुझ्या भरवशावर पाठवतेय हं," बहीण म्हणाली होती. "सकाळी जशी येते तशी संध्याकाळी परत हवी मला." ती पोरगी दिवसभर 'मावशी, मावशी' करत मागे फिरायची. महिन्याभरात सगळा मजला मावशी म्हणायला लागला. दारावरचा वॉचमन तिच्याहून दहा वर्षांनी मोठा, तोही म्हणायला लागला. पोरीचं नाव पडलं टकळी. मशीन थांबलं तरी तिचं तोंड थांबायचं नाही.

तालमीच्या दिवशी मावशीचं काम मोजणीचं. मागच्या जिन्यावर जाड लोखंडी दार होतं. त्या दाराबाहेर, जिन्याच्या चौकात तिने उभं राहायचं आणि डोळे मिटून घ्यायचे. धुरात डोळ्यांचा उपयोग नसतो, म्हणून डोळे मिटूनच शिकायचं, अशी या इमारतीची पद्धत होती. दारातून येणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि मोठ्याने आकडा म्हणायचा. बारा झाले की दार लोटून बाहेरून कडी घालायची, कारण गरम हवेने दार आपोआप उघडतं आणि जिन्यात धूर शिरला तर वरच्या तीन मजल्यांचे लोक गुदमरतात. मग दाराच्या खिळ्याला 'रिकामा' अशी लाकडी पाटी लटकवायची. झालं.

एकोणीस वर्षं ती हे करत होती. खांद्यावरून माणूस ओळखायची. इस्त्रीकाकांचा उजवा खांदा वर चढलेला, काजं करणाऱ्या दोघी बहिणींचे खांदे हाडकुळे, टकळीचा तर खांदा हाताखाली कधी स्थिर राहायचाच नाही.

त्या मंगळवारी सातवा आकडा म्हणताना तिचा हात पोळला.

खूप नव्हे. इस्त्रीखालून नुकत्याच निघालेल्या कापडावर हात पडावा तितकाच. पण कापडाखाली ओलसर लागलं, आणि त्या ओलीखाली खांद्याला मऊपणा नव्हता. हात ठेवताच तो खांदा थांबला. बाकीचे सगळे पुढे सरकतात. हा थांबला, जणू ती आणखी काही म्हणेल याची वाट पाहत होता. मग गेला.

"आठ," मावशी म्हणाली. "नऊ. दहा. अकरा. बारा."

आणि डोळे उघडणार इतक्यात तिच्या हाताखाली आणखी एक खांदा आला. वर चढलेला, उजवा.

"तेरा?" इस्त्रीकाका हसले. "मावशी, मला बढती दिलीत की काय?"

खाली अंगणात सगळ्यांनी तिची यथेच्छ थट्टा केली. टकळी म्हणाली, "मावशी, तू स्वतःलाच मोजलंस. आता चष्म्याच्या दुकानात जाऊन एक हाताचा चष्मा घे."

मावशीही हसली. तळहात मात्र तिने पदराला पुसला, आणि पदराला काही लागलं आहे का ते पाहिलं. काही नव्हतं.

२

त्याच आठवड्यात मॅनेजरसाहेबांनी प्रत्येक मजल्याच्या प्रमुखाला बोलावलं. इमारतीला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. तळमजल्यावर लिफ्टच्या शेजारी इमारतीचा इतिहास सांगणारा मोठा फलक लावायचा होता. प्रत्येक मजल्याने आपल्यापुरत्या चार ओळी लिहून द्यायच्या.

"काय लिहू साहेब? आम्ही विजारी आखूड करतो," मावशी म्हणाली.

"अहो, चौथ्या मजल्याचा तर खरा इतिहास आहे. आग लागली होती ना तिथे. अडतीस वर्षं झाली. तेव्हाही शिलाईखानाच होता." साहेबांनी एक पिवळा पडलेला कागद पुढे केला. "हे बघा, जुन्या फायलीत सापडलं."

कागदावर टंकलेली एकच ओळ होती. चौथा मजला संपूर्ण जळाला, मोजणीमुळे सर्व बाराही कामगार सुखरूप.

मावशीचा ऊर भरून आला. आपण जे करतो त्याने कधीकाळी बारा जीव वाचले होते. तिने तो कागद जपून पिशवीत ठेवला आणि जाता जाता दारावर वॉचमनला विचारलं, "काका, आगीच्या वेळी तुम्ही इथेच होतात ना? कसं झालं सगळं, सांगा की. मला फलकासाठी लिहायचंय."

वॉचमन खुर्चीतून उठला. एरवी मऊ बोलणारा माणूस, पण आवाज चढला. "सर्व सुखरूप असं लिहिलंय ना? मग तेच लिहा. आम्ही तेव्हा तेच लिहिलं होतं."

"अहो पण..."

"मावशी, मला काम आहे."

काम कसलं? तो खुर्ची उचलून दाराच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसला, आणि तिच्याकडे पाठ केली.

वर येऊन तिने मागचं दार उघडलं आणि आतल्या बाजूने निरखून पाहिलं. हिरवा रंग होता. एकावर एक इतके हात दिलेले की दार सुजल्यासारखं दिसत होतं. छातीच्या उंचीला तो रंग सर्वांत जाड होता. तिने त्यावरून बोट फिरवलं. आत काही खोलगट लागल्यासारखं वाटलं. लागेल नाहीतर काय, जुनं दार आहे, असं स्वतःला सांगून ती कामाला लागली.

३

पुढच्या महिन्यात घंटा वाजली तेव्हा मावशी आधीपासूनच दाराबाहेर उभी होती. या खेपेला चुकायचं नाही असं तिने ठरवलं होतं. डोळे घट्ट मिटले.

एक, दोन, तीन. टकळी चौथी. तिचा खांदा हाताखाली नाचला. "मावशी, मी एकच आहे हं, दोनदा मोजू नकोस."

नववा खांदा पोळला.

या वेळी तो जास्त वेळ थांबला. मावशीच्या मनात आलं, डोळे उघडावेत. आणि त्याच क्षणी तिला इतकी भीती वाटली की पापण्या आणखी आवळल्या गेल्या. आजारी असेल कोणीतरी, ताप असेल, तिने स्वतःची समजूत घातली. काजवाल्या बहिणींपैकी धाकटी काल कुरकुरत होतीच. हाडकुळा तर आहे.

"नऊ," ती म्हणाली, आणि तो खांदा पुढे गेला.

दहा. अकरा. बारा.

तिने दार लोटलं. दार पुरतं बसलं नाही. मध्ये काहीतरी मऊ आल्यासारखं झालं. हे दार असंच अडायचं, म्हणून तिने खांदा लावला आणि सगळ्या अंगाचा जोर दिला. काडकन आवाज झाला. मग आतून इस्त्रीकाकांची किंकाळी.

तिने डोळे उघडले. दाराच्या कडेतून चार बोटं बाहेर आली होती. ती पांढरी पडली होती आणि नखांच्या मुळाशी रक्त गोळा होत होतं. ती पाहत राहिली. खरोखर पाहतच राहिली, कारण मोजणी पुरी झाली होती आणि आत कोणी असूच शकत नव्हतं. आतून काका दुसऱ्या हाताने दारावर बुक्के मारत होते. "उघडा! अहो, उघडा! हात! माझा हात!"

टकळीने जिन्यावरून धाव घेतली, तिला बाजूला ढकललं आणि दार उघडलं. काका तिच्या अंगावरच कोसळले. मधली दोन बोटं उलटीकडे वळली होती, एकातून हाड वर आलं होतं. रक्ताची धार टकळीच्या निळ्या एप्रनवर, जिन्याच्या पायऱ्यांवर, भिंतीवर. टकळीने गळ्यातली मापाची टेप काढली, काकांच्या मनगटाला तीन वेढे दिले आणि दातांनी ओढून गाठ मारली. एवढं करताना ती एक शब्द बोलली नाही. मावशीने तिला गप्प असलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

"इस्त्री बंद करत होतो," काका रडत होते. "तुम्हाला माहीत आहे मावशी, मी शेवटीच येतो. एकोणीस वर्षं शेवटीच येतो मी."

"बारा झाले होते," मावशी म्हणाली.

"मग मी कोण?"

मावशीने धाकट्या काजवालीच्या कपाळाला हात लावून पाहिला. ते थंडगार होतं.

काकांची दोन बोटं कापावी लागली. मजल्यावर तिच्याशी कोणी वाकडं बोललं नाही, पण जेवायच्या सुट्टीत तिच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. आणि दारावर, काकांचे बुक्के बसले होते तिथे, रंगाचा एक जाड पोपडा गळून पडला होता. त्याखाली लोखंड दिसत होतं. लोखंडात खळगे होते, जोडीजोडीने, छातीच्या उंचीला सुरू होऊन खाली खाली गेलेले. ते काकांच्या बुक्क्यांनी पडलेले नव्हते. खळग्यांत गंज चढला होता.

४

चार दिवसांनी दुपारी ती वॉचमनसमोर जाऊन उभी राहिली. "काका, माझ्या हातून एका माणसाची बोटं गेलीत. आता तरी सांगा."

येणारी-जाणारी गिऱ्हाइकं त्याला ओलांडून जात होती.

"कापणारे मास्तर मोजत होते," तो शेवटी म्हणाला. "तुमच्यासारखेच, डोळे मिटून. बारा झाले, दार लावलं. पण त्या बारांत एक गिऱ्हाईक होतं. विजार न्यायला आलेला माणूस. तोही रांगेत घुसला, त्यालाही हात लागला, तोही मोजला गेला."

"म्हणजे आत..."

"काजं करायला एक बाई लागली होती. आठच दिवसांची. मास्तरांच्या बारांत ती धरलेली होती, पण हजेरीत नावसुद्धा चढलं नव्हतं."

मावशीने भिंतीला हात टेकला.

"ठोकायला लागली ती. मास्तर म्हणाले, माझी मोजणी पुरी आहे. वरून साठ-सत्तर माणसं उतरत होती, पोरंबाळं होती, ती ओरडत होती की उघडू नका, उघडू नका. कडी तापली होती आणि दार हलत होतं. बाहेरून कोणीतरी कडी दाबून धरायला हवी होती." त्याने आपले दोन्ही तळहात मांडीवर उपडे ठेवले. "मी चोवीस वर्षांचा होतो. अंगात ताकद होती."

"किती वेळ?"

"मोजलं नाही."

"मग नंतर? दार उघडलं तेव्हा?"

"उभी होती," वॉचमन म्हणाला. "पडली नव्हती. दाराला धरून उभी होती. आणि तिचे हात... नाही मावशी. तेवढं नका विचारू. हजेरीत मास्तर धरून बारा होते, ते बाराही बाहेर आले. सर्व सुखरूप. सगळ्यांनी सही केली. मीही केली."

मावशी वर आली. भुतंखेतं तिने कधी मानली नव्हती. सासरी एक चुलतसासू अंगात आल्यासारखं करायची, तेव्हा हिनेच तिला पाणी पाजून भानावर आणलं होतं. म्हातारा अडतीस वर्षं मनात कुढतोय, त्याचं ऐकून आपलंही डोकं फिरायचं, असं तिने मनाला बजावलं. पण हाताचं काय करायचं? हाताने जे पाहिलं ते हात विसरत नव्हता.

तिने टकळीला खिडकीशी ओढलं. "हे बघ. यापुढे तालीम असो की काही असो, मी खांद्यावर हात ठेवला की तू बोलायचं. काहीही बोल. मला तुझा आवाज ऐकू आला पाहिजे."

"मावशी, मला गप्प बसायला सांगणारे पुष्कळ भेटले. बोल म्हणणारी तूच पहिली."

"हसण्यावारी नेऊ नकोस. तुझी आई मला विचारेल."

"बोलेन ग बाई, बोलेन," टकळी म्हणाली, आणि तिच्या गालाला हलकेच टिचकी मारून मशीनवर जाऊन बसली.

मावशी मॅनेजरसाहेबांकडेही गेली. ती कडी काढून टाका म्हणाली, हात ठेवून मोजायची पद्धत बंद करा म्हणाली. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मावशी, तुम्ही दमलात. फलक लागू दे, मग चार दिवस रजा घ्या." मग थोडं घुटमळून त्यांनी विचारलं, "त्या चार ओळी झाल्या का लिहून?"

५

तालमीचा दिवस नव्हता. दुपारचे तीन वाजले होते. तिसऱ्या मजल्यावर कापडाचा साठा असायचा, त्यात कुठेतरी तार जळाली. घंटा वाजायच्या आधीच चौथ्या मजल्याच्या जमिनीतून, मशीनच्या पायांशी, धूर वर यायला लागला.

कोणी ओरडलं, "मागचा जिना!"

मावशी सर्वांच्या आधी दाराबाहेर पोचली. सवयीने उभी राहिली, सवयीने हात पुढे केला. डोळे मिटायची गरज उरली नव्हती. धूर इतका काळा होता की आपलाच हात दिसेना. पहिला खांदा येऊन आदळला. "एक!" दुसरा. तिसरा. सगळे खोकत होते, सगळे गरम होते, सगळे घामाने ओले होते. कुठला पोळतोय आणि कुठला नाही, काही कळायला मार्ग नव्हता.

"बोला!" ती ओरडली. "बोला कोणीतरी! टकळे, कुठे आहेस?"

खोकल्याशिवाय काही ऐकू आलं नाही.

"नऊ! दहा!"

वरच्या मजल्यांची माणसं जिन्यावरून कोसळत येत होती. कोणाचा कोपर तिच्या कानाखाली बसला, कोणी तिच्या पावलावर टाच रोवली. "दार लावा! धूर येतोय! दार लावा!"

"अकरा. बारा."

बारा. मोजणी पुरी झाली. आणि टकळीचा आवाज आलाच नव्हता.

"थांबा!" मावशीने दाराच्या चौकटीत स्वतःला आडवं घातलं. "माझी पोर आत आहे! टकळे!"

"बारा झालेत ना? मी ऐकलं!" सहाव्या मजल्यावरच्या दंतवैद्याचा मदतनीस, दांडगा माणूस, त्याने तिचा दंड पकडला. "माझ्या मागे शंभर माणसं आहेत बाई!" त्याने तिला हिसडा देऊन बाहेर ओढलं. तिने त्याच्या मनगटाला कडकडून चावा घेतला, तोंडात रक्ताची चव आली. त्याने दुसऱ्या हाताने तिचं डोकं भिंतीवर आपटलं. एकदा, आणि ती सुटेना म्हणून पुन्हा. दार धाडकन लागलं. कडी पडली.

त्याच क्षणी आतून ठोका आला.

सगळ्यांनी ऐकला. क्षणभर जिन्यावरची धक्काबुक्कीसुद्धा थांबली. मग दुसरा ठोका. मग एकामागून एक, दोन्ही हातांनी, जीव तोडून, आणि दर ठोक्याला हिरव्या रंगाचे पोपडे दाराच्या फटीतून बाहेर उडत होते.

"ऐकताय ना?" मावशी किंचाळली. "ऐकताय ना रे?"

कोणी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी तिला उचललं. केस, पदर, पाय, जे हाती लागेल ते धरून खाली ओढत नेलं. एकेका पायरीवर तिची पाठ आपटत होती, आणि ती मोठमोठ्याने सांगत होती, तिची आई मला विचारेल, तिची आई मला विचारेल. वर ठोके चालूच होते.

६

अंगणात उन्हाने डोळे दिपले. समोरच्या रस्त्यावर बंब नुकतेच लागत होते. पाइप घेऊन धावणाऱ्या एका जवानाने विचारलं, "चौथा मजला? सगळे आले?"

"बारा," थोरली काजवाली म्हणाली. "बाराही आलेत."

"नाही!" मावशी उठून उभी राहिली. डोक्यातून रक्ताचा ओघळ येऊन एक डोळा मिटला होता. "टकळी वर आहे. मी आवाज ऐकला. तुम्ही सगळ्यांनी ऐकलात!"

"मावशी, ती बघा, ती काय तिथे," इस्त्रीकाका म्हणाले. बँडेज अजून हाताला होतं, तरी बोटं गेल्यावर तिसऱ्याच आठवड्यात ते कामावर आले होते. त्यांनी अंगणाच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

कोपऱ्यात, गटारीच्या जाळीपाशी, निळा एप्रन घातलेली एक मुलगी भिंतीला हात टेकून वाकून उभी होती. पाठ इकडे. केस काजळीने माखून चेहऱ्यावर आलेले. ती हलत नव्हती आणि तिच्या तोंडून शब्द येत नव्हता.

मावशीने त्या पाठीकडे पाहिलं. एप्रन काय, कोणीही घालतं. इतक्या गोंधळात टकळी गप्प? मावशीला रक्ताने माखलेली बघून गप्प? दीड वर्षात जी पोर झोपेतसुद्धा बडबडली असेल, ती? तिला सगळं लख्ख कळलं. एकदा एका गिऱ्हाइकाने दुसरीच्या जागेवर बाहेर पाय काढला होता. आज ती जागा कोणीतरी वसूल केली होती. बाराच आले होते. पण त्या बारांत टकळी नव्हती.

तिला तिथवर जाऊन त्या खांद्यावर हात ठेवून पाहता आलं असतं. वीस पावलं होती. पण ती गेली नाही. तेवढ्यात वर दाराआड काय होईल ते तिला ठाऊक होतं.

ती जिन्याकडे वळली. काका आडवे आले. "मावशी, वेड लागलंय का? ती तिकडे उभी..." तिने त्यांच्या बँडेजवर मूठ मारली, सगळ्या ताकदीने. काका ओरडून खाली बसले. जिन्याच्या तोंडाशी वॉचमन उभा होता. त्याने दोन्ही हात पसरले, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हात खाली घेतले.

इतके मजले ती कशी चढली हे तिलाच कळलं नाही. तिसऱ्या मजल्याच्या दाराखालून ज्वाळा येत होत्या, साडीचा काठ पेटला तो तिने हातानेच विझवला. ठोके आता अंतराने येत होते. एक. मग बराच वेळ काही नाही. मग एक.

"आले ग," ती म्हणाली. "आले, आले. मी नाही सोडायची तुला."

कडी हाताला चिकटली. तळहाताची कातडी कडीवरच राहिली, पण कडी निघाली. दार तिच्या अंगावर उघडलं आणि दारासोबत कोणीतरी तिच्या गळ्यात पडलं.

ते हलकं होतं. पोर काही खात नाही, असं उगीचच मावशीच्या मनात आलं. तिने पाठ फिरवली, ते ओझं पाठीवर घेतलं, दोन हात तिच्या गळ्याभोवती आले. धुरातून भिंतीला घासत ती उतरू लागली. "बोलू नकोस," ती सांगत होती, "आता बोलू नकोस, छातीत धूर जाईल. घरी गेल्यावर बोल. रात्रभर बोल. मी ऐकेन." पाठीवरचं माणूस बोललं नाही. मानेला तिचा श्वास लागत नव्हता. पाठ मात्र पोळत होती, आणि ते पोळणं मावशीच्या हाताच्या ओळखीचं होतं. पण आग लागली होती, आगीत सगळंच पोळतं.

ती उन्हात आली.

तिला वाटलं होतं, लोक धावत येतील. कोणी धावलं नाही. उलट गर्दी मागे सरली, सगळीच्या सगळी, एका लाटेसारखी. थोरल्या काजवालीने तोंडावर हात दाबला. कोणीही मावशीच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हतं. सगळे तिच्या खांद्याच्या थोडं वर पाहत होते. वॉचमन खाली मातीत बसला होता आणि त्याने दोन्ही कान झाकून घेतले होते.

कोपऱ्यातल्या मुलीने गटारीत थुंकून तोंड पुसलं. केस मागे सारले. घसा सुजलेला, आवाज फाटलेला, पण वळली ती टकळीच. तिचंच नाक, तिचेच मोठे डोळे, गालावर ओकारीने आलेलं पाणी.

"मावशी," ती कशीबशी म्हणाली. "तू कोणाला आणलंस?"

मोजणी बरोबर होती तर. नेमकी आज बरोबर होती.

मावशीने मागे वळून पाहिलं नाही. तिने फक्त खाली, आपल्या छातीवर एकमेकांवर आवळलेल्या त्या दोन हातांकडे नजर नेली. कोपरापासून मनगटापर्यंत. मनगटापाशी तिची नजर थांबली. ठोकून ठोकून तिथे पुढे काही उरलंच नव्हतं.

ती किंचाळली नाही. तिला भयंकर वाटलं, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. आठच दिवसांची होती बिचारी. तिलाही घरून कोणीतरी, संध्याकाळी परत ये, असं सांगून पाठवलं असेल. मावशीने आपला सोललेला हात हळूहळू मागे नेला, त्या खांद्यावर ठेवला, आणि अडतीस वर्षांपूर्वी कोणीतरी म्हणायला हवं होतं ते सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली.

"तेरा."

मोजलं की सोडेल, असं तिला वाटलं होतं.

गळ्याभोवतीची मिठी आणखी घट्ट झाली.